घरापासून झाड किती फुटांवर लावावं? काळ्या मातीतल्या प्लॉटसाठी सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. फलटणजवळ ६० बाय ९० फुटांचा प्लॉट, पूर्वेला रस्ता आणि गेट, गेल्याच वर्षी बांधून झालेलं ३० बाय ४० चं घर आणि खाली काळी माती. पश्चिमेच्या भिंतीमागे सावलीसाठी गुलमोहर, गेटच्या दोन्ही बाजूंना बहावा आणि नैर्ऋत्येच्या बेडरूमच्या खिडकीशी सोनचाफा लावायचा तुमचा विचार आहे. आईंना दाराशी प्राजक्त हवाय. नर्सरीवाला म्हणतो, पाच फूट अंतर पुष्कळ झालं. इंजिनिअर म्हणतात, काळ्या मातीत घराजवळ झाडच नको. मग नेमकं किती फूट?

नर्सरीवाल्याच्या डोळ्यांसमोर चार फुटांचं रोप आहे आणि इंजिनिअरच्या डोळ्यांसमोर पाया. दोघांनाही पंचवीस वर्षांनंतरचं झाड दिसत नाही. मी सव्वीस वर्षं सातारा, कराड, फलटण आणि पुण्याच्या आसपास बागा करते आहे. या काळात जी झाडं माझ्यादेखत तोडावी लागली, त्यातली बहुतेक निरोगी होती. बारा-पंधरा वर्षांची, नुकती भरात आलेली. कुणीतरी हौसेनं भिंतीपासून पाच-सहा फुटांवर लावलेली. करवत चालते तेव्हा घरातली माणसं आत जाऊन बसतात, बघवत नाही त्यांना. म्हणून एवढं लांब लिहिते आहे. झाड लावू नका असं मी कुणालाच सांगत नाही, पण पंधराव्या वर्षी तोडावं लागेल असं लावू नका.

सगळ्या घरांना लागू पडेल असा एक आकडा माझ्याकडे नाही. अंतर ठरतं ते मातीवर, पायाच्या खोलीवर, झाडाच्या जातीवर आणि जमिनीखालून जाणाऱ्या पाइपांवर. साताऱ्यात माझ्या स्वतःच्या अंगणात घरापासून चौदा फुटांवर बकुळ आहे. बावीस वर्षं झाली, जोत्याला केसाएवढीही चीर नाही, कारण खाली मुरूम आहे. तीच बकुळ तेवढ्याच अंतरावर कराडच्या नदीकाठच्या काळ्या रानात, उथळ पायाच्या जुन्या घराशेजारी लावायला मी धजणार नाही.

आधी मातीचं बोलू, कारण तुमच्या बाबतीत कळीचा मुद्दा तोच आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन पाऊस झाले की त्या मिटतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. घराखालची सगळी माती सारखी फुगली, सारखी आकसली तर घर ते बऱ्यापैकी सोसतं. भिंती तडकतात त्या एक कोपरा खाली जातो आणि दुसरा जागेवर राहतो तेव्हा. मोठं झाड नेमकं हेच घडवून आणतं. उन्हाळ्यात ते एका बाजूच्या मातीतलं पाणी खोलवरून उपसून घेतं, तिथली माती जास्त आकसते आणि त्या अंगाचा पाया किंचित खचतो. मूळ भिंतीत घुसून भिंत फोडतं असं लोकांना वाटतं. पक्क्या घराच्या बाबतीत तसं फार क्वचित होतं. मुळानं पायाला बोटही न लावता, नुसतं पाणी ओढून भिंतीला तडा जाऊ शकतो.

लंडनखालची मातीही अशीच आकसणारी आहे. १९७६ च्या दुष्काळात तिथल्या असंख्य घरांना तडे गेले आणि त्यानंतर झाड आणि घर यांच्यातलं अंतर हा तिथल्या विमा कंपन्यांच्या आणि बांधकामाच्या नियमांचा विषय झाला. ओक, पॉप्लर आणि विलो ही तिथली सगळ्यात बदनाम झाडं. आपली झाडं वेगळी आणि पाऊसमान वेगळं, त्यामुळे तिकडचे आकडे जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. कारण मात्र तेच आहे.

त्यामुळे तुमच्या इंजिनिअरांची भीती अगदी बरोबर आहे. फक्त तुमच्या घराला ती किती लागू आहे, ते त्यांनाच विचारावं लागेल. चार गोष्टी विचारा. फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, किती खोल आहे? ते काळ्या मातीतच थांबलंय की खालच्या मुरमावर टेकलंय? सगळे कॉलम जोडणारा प्लिंथ बीम आहे का? आणि जोत्यात भरण मुरमाची आहे की खोदलेली काळी मातीच परत आत ढकलली आहे? तुम्ही लिहिलंय की बोअर घेताना सहा-सात फुटांवर मुरूम लागला. फूटिंग त्या मुरमावर असेल आणि प्लिंथ बीम असेल, तर घराच्या सांगाड्याची चिंता बरीच कमी होते. उरते ती फरशीची, पायऱ्यांची आणि कंपाउंडची. पण भार भिंतींवर असेल आणि पाया तीन फुटांवर काळ्या मातीतच संपला असेल, तर माझे खालचे सगळे आकडे दीडपट करा.

पुढे कधी भिंतीला तडा दिसलाच तर लगेच झाडावर आळ घेऊ नका. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजून ठेवा आणि वर्षभर बघा. मातीच्या हालचालीचा तडा बहुधा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघतो, मे महिन्यात रुंदावतो आणि पावसाळ्यात जवळजवळ मिटतो. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरून सरळ रेषेत जाणारी चीर बहुतेकदा प्लास्टरची किंवा बांधकामाची असते. तिचा झाडाशी संबंध नसतो.

आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. काळ्या मातीत घराजवळचं जुनं मोठं झाड तोडलं की प्रश्न संपत नाही. वर्षानुवर्षं ते झाड जे पाणी उपसत होतं ते आता मातीतच राहतं, माती हळूहळू फुगते आणि आधी खचलेला भाग वर उचलला जातो. झाडाच्या आधीपासून उभं असलेलं घर त्यानं पूर्वीच्या पातळीकडे येतं. पण झाडानं वाळवलेल्या मातीवर नंतर बांधलेलं घर असेल तर तोडणीनंतर नवे तडे जातात. शिवाय शहर हद्दीत स्वतःच्या प्लॉटमधलं झाडसुद्धा आपल्या मर्जीनं तोडता येत नाही. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. लावताना केलेली चूक पुढे सहज पुसता येत नाही, म्हणून आत्ताच चार दिवस जास्त विचार केलेला बरा.

आता मुळांविषयी. मुळं पाण्याचा वास घेत लांबून पाइपाकडे येतात, हा समज चुकीचा आहे. मूळ जिथे आहे तिथे ओल आणि हवा मिळाली तरच पुढे सरकतं. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि झाडाच्या घेरापलीकडे, कधी घेराच्या दुप्पट लांबवर पसरतात. त्यामुळे चाळीस फूट अंतरावरच्या झाडाचं एखादं मूळ तुमच्या पायरीखाली सापडलं तर दचकू नका. एखाद्या मुळानं फार काही होत नाही.

पाइपांची गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकले. नवी होते तेव्हा एका बंगल्याच्या ड्रेनेज लाइनपासून तीन फुटांवर मी फायकसची रांग लावली. हिरवी भिंत हवी होती, झटपट झाली, सगळे खूश. नवव्या वर्षी संडास तुंबले. चेंबर उघडून प्लंबरनं ओढायला सुरुवात केली तेव्हा पाइपातून बारा फूट लांब, घोड्याच्या शेपटीसारखा मुळांचा झुपका निघाला. लाइन जुन्या पद्धतीची, चिनीमातीच्या पाइपांची, सांधे सिमेंटचे. सांधा आधी झिरपत होता, त्या ओलीनं मुळं तिथे जमली आणि चिरेतून आत शिरली. दोष सांध्याचाही होता, पण तिथे फायकस लावण्याचा निर्णय माझा होता आणि ती सगळी रांग मला माझ्या माणसांकडून काढून घ्यावी लागली. तेव्हापासून फायकस, रबर, वड, पिंपळ, उंबर या कुळातलं काहीही मी घराच्या प्लॉटमध्ये जमिनीत लावत नाही. कोनोकार्पसही नाही. झटपट वाढतो म्हणून तो सगळीकडे लावला गेला आणि २०२३ मध्ये गुजरात सरकारला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. जमिनीखालच्या लाइनींना त्याच्या मुळांचा होणारा त्रास हे त्यामागचं एक कारण होतं.

तुमचे पाइप नवे पीव्हीसीचे असतील. सांधे नीट चिकटवलेले असतील तर धोका कमी आहे. तरीही सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यापासून मध्यम झाड पंधरा फूट लांब ठेवा, कारण शोषखड्डा हा कायमचा ओलावा असतो. बोअरपासून दहा फूट, तेही मुळांमुळे नाही. मोटर वर काढायची वेळ आली की घोडा, म्हणजे पाइप ओढायचा उंच सांगाडा, उभा करायला आणि पाइप वर ओढायला मोकळं आकाश लागतं. ऐन उन्हाळ्यात मोटर जळल्यावर लोक झाडाच्या फांद्या छाटत बसलेले मी पाहिले आहेत.

कंपाउंडची भिंत, फरशी, पायऱ्या, पार्किंगचे ब्लॉक या हलक्या बांधकामांना मात्र मुळं खरोखर उचलतात. बुंधा आणि बुंध्याजवळची मुळं दरवर्षी जाड होतात आणि त्यांच्यावर काही वजन नसलं की ते वर येतं. लहान झाडासाठी कंपाउंडपासून चार-पाच फूट, मध्यम झाडासाठी आठ-दहा फूट तरी सोडा. रूट बॅरियर म्हणून जाड प्लास्टिकचे पत्रे मिळतात, जमिनीत दोन-तीन फूट उभे पुरायचे. फरशी वाचवायला ते उपयोगी आहेत, पण मुळं खालून वळसा घालू शकतात आणि काळी माती वाळण्याच्या प्रश्नावर तर त्यांचा भरवसा धरूच नये.

आता गुलमोहर. मला तो अतिशय आवडतो. मादागास्करहून आलेलं झाड, पण मे महिन्यातलं आपलं गाव त्याच्याशिवाय डोळ्यांपुढे येत नाही. घरामागे मात्र तो नको. पूर्ण वाढला की त्याची छत्री सहज चाळीस फूट पसरते. तुमच्या घराच्या मागे, पश्चिमेला, कंपाउंडपर्यंत एकूण बारा फूट जागा आहे. मधोमध लावला तरी अर्धा गुलमोहर तुमच्या गच्चीवर आणि अर्धा शेजाऱ्याच्या अंगणात. त्याची बारीक पानं गच्चीच्या जाळीतून खाली जातात, पन्हाळी तुंबतात, पाणी साचतं आणि स्लॅब गळायला लागतो. गळतीची तक्रार घेऊन लोक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात आणि कारण असतं डोक्यावरचं झाड. त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ आणि जाड. वळवाच्या पावसात मोडलेल्या फांद्यांमध्ये गुलमोहर, पिचकारी आणि बुच ही तीन नावं मला दरवर्षी हमखास ऐकू येतात. पीतमोहराचीही तीच जातकुळी.

तुमच्या हेतूच्या दृष्टीनं तर त्याहून मोठी अडचण आहे. तुम्हाला सावली हवी आहे ती मार्च ते मे. आणि मार्च-एप्रिलमध्ये गुलमोहर उघडाबोडका असतो, शेंगा लटकवून उभा. बहावाही एप्रिल-मेमध्ये पानं गाळून फुलतो. दिसतो अप्रतिम, पण त्या दिवसांत सावली विरळच. ज्या महिन्यांत भिंत तापते त्याच महिन्यांत ही झाडं रजेवर असतात.

पश्चिम बाजूची आणखी एक अडचण म्हणजे वारा. पावसाळ्यात माती भिजून मऊ झालेली असते तेव्हा आपल्याकडे जोराचा वारा येतो तो पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. म्हणजे घराच्या पश्चिमेचं झाड पडलं तर घरावर पडण्याचीच शक्यता जास्त. वळवाचं वादळ कुठूनही येतं, ती गोष्ट वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावर ज्यांनी पडलेल्या वाड्या पाहिल्या, त्यांना पक्की मुळं असलेली आंब्याची झाडंही कशी उन्मळतात ते सांगायला नको. कोकणातला हिशेब तुमच्यापेक्षा अगदी वेगळा आहे. तिथे जांभ्यात आकसण्याची भीती नाही, पण पाऊस, वारा, कौलं आणि डोक्यावर नारळ. तिकडच्या एखाद्या ओळखीच्यानं सांगितलेलं अंतर फलटणला लावू नका.

पडणाऱ्या झाडांचं मी एक निरीक्षण सांगते. आठ वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरी वीस वर्षांचा गुलमोहर मुळासकट कोसळला, व्हरांड्याचा पत्रा आणि गाडी गेली. माणसं वाचली हे नशीब. मी जाऊन खड्डा पाहिला तर एका बाजूची सगळी जाड मुळं सरळ रेषेत कापलेली. झाड पडण्याच्या तीन वर्षं आधी पाण्याच्या लाइनसाठी बुंध्यापासून चार फुटांवर चर खोदला होता. वारा यायचा त्याच बाजूला. झाड उभं होतं ते नुसतं तोल सांभाळत. म्हणून मोठ्या झाडाजवळ खोदायची वेळ आली तर बुंध्याच्या जाडीच्या बारा पट अंतर मोजा आणि त्याच्या आत यंत्र घालू नका. एक फूट जाडीचा बुंधा असेल तर बारा फूट. आधीच लांब लावलेल्या झाडाला हे अंतर देणं सोपं जातं, हाही लांब लावण्याचा एक फायदा.

आतापर्यंतचं सगळं एका पट्टीत बसवायचं तर मी असं मोजते. वाढून पंधरा-वीस फूट उंच होणारी झाडं, म्हणजे प्राजक्त, पांढरा चाफा, तगर, ही घरापासून आठ ते दहा फूट. पंचवीस ते चाळीस फुटांची, म्हणजे बहावा, कांचन, तामण, बकुळ, ही पंधरा ते वीस फूट, आणि काळ्या मातीत वीसच्या पुढे. गुलमोहर, सप्तपर्णी, बुच, बी लावून वाढवलेला सोनचाफा, पर्जन्यवृक्ष यांना कमीत कमी तीस-चाळीस फूट. पर्जन्यवृक्षाला तर तेवढंही पुरत नाही. बंगल्याच्या प्लॉटमध्ये तो लावूच नये. आणि कोणतंही झाड असो, पूर्ण वाढलेल्या घेराचा निम्मा भाग अधिक पाच फूट, याहून कमी अंतर नको.

आता तुमचा नकाशा. तुम्ही दिलेल्या मापांप्रमाणे पूर्वेला अठरा फूट, पश्चिमेला बारा, उत्तरेला बारा आणि दक्षिणेला अडतीस फूट मोकळी जागा आहे. बोअर ईशान्येला, सेप्टिक टँक वायव्येला, म्हणजे सगळी ड्रेनेज लाइन उत्तरेच्या बारा फुटांतून जाते. तिथे एकही झाड नको. कर्दळ, क्रोटन, अनंताची कुंडी, एवढंच.

पश्चिमेला झाडाचा हट्ट सोडा आणि मांडव घाला. भिंतीपासून चार फूट पुढे जीआय पाइपाचा सांगाडा, त्यावर मधुमालती आणि सोबत संक्रांतवेल. मधुमालती दोन वर्षांत मांडव भरते, उन्हाळ्यात हिरवी राहते आणि भिंतीवर थेट ऊन पडू देत नाही. वेल लावायचा खड्डा भिंतीकडे नाही, कंपाउंडच्या बाजूला घ्या. लक्षात घ्या, उन्हाळ्यात सूर्य मावळतो तो पश्चिमेच्याही थोडा उत्तरेला, त्यामुळे मांडव भिंतीच्या उत्तर टोकापर्यंत न्या. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात झाड लावून मे महिन्यातलं पश्चिमेचं ऊन अडत नाही, ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे.

दक्षिणेची अडतीस फुटांची पट्टी ही तुमची खरी बाग. तिच्या पूर्वेकडच्या भागात एक बहावा, घरापासून बावीस फूट आणि कंपाउंडपासून सोळा फूट. एकच. भरपूर मोकळ्या जागेतला एक बहावा एप्रिलमध्ये जे रूप दाखवतो ते गेटशी कोंबलेल्या दोघांनी साधत नाही. गेटशी तसाही तो चालणार नाही, कारण तुम्ही लिहिलंय की रस्त्याच्या कडेनं विजेच्या तारा जातात. तारांखाली लावलेल्या झाडाचा दरवर्षी पावसाळ्याआधी शेंडा छाटला जातो. छाटणीच्या जागी कमकुवत फांद्यांचा झुबका फुटतो आणि पुढे तोच मोडतो. गेटच्या दोन्ही बाजूंना, खांबांपासून पाच फूट सोडून, पांढरा चाफा लावा. तो कलात्मक वाकतो, हवा तसा छाटता येतो आणि तारांपर्यंत जात नाही. फांदी कापून आठ-दहा दिवस सावलीत सुकवायची आणि मग लावायची, लगेच लावली तर कुजते.

सोनचाफा दक्षिणेच्याच पट्टीत, पण पश्चिमेकडच्या भागात, बेडरूमच्या दक्षिण खिडकीसमोर चौदा फुटांवर. कलमी घ्या. बियांचं झाड पन्नास फुटांच्या वर जातं आणि फुलायला बरीच वर्षं लावतं. कलम एक-दोन वर्षांत फुलतं आणि छाटणीनं पंधरा-वीस फुटांत ठेवता येतं. वासासाठी ते खिडकीला चिकटवायची गरजच नाही. ऐन बहराच्या पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा असतो, दरवळ आपसूक आत येईल. सोनचाफ्याचा काळ्या मातीतला खरा शत्रू साचलेलं पाणी आहे. मुळं कुजून तो दुसऱ्या पावसाळ्यातच जातो. त्यासाठी मातीचा दीड फूट उंच, पाच-सहा फूट रुंद गोल उंचवटा करा आणि त्याच्यावर लावा. चाफ्याला आणि प्राजक्तालाही हेच.

लावताना एवढं सांभाळा. काळ्या मातीत तीन फुटांचा खड्डा करून तो नुसत्या शेणखतानं भरला की तो पाण्याचं भांडं होतो. आजूबाजूला पाणी झिरपत नाही आणि मुळं त्या भांड्यातच गोल फिरत राहतात. खड्ड्याच्या बाजू कुदळीनं खरवडून घ्या आणि खोदलेल्या मातीतच चौथा हिस्सा कुजलेलं खत मिसळून भरा. पिशवी पूर्ण काढा. नर्सरीवाले नुसत्या चिरा पाडून लावा म्हणतात, ते ऐकू नका. पिशवीत मुळं गोल वळलेली असतील तर ती कापा किंवा मोकळी करा, नाहीतर तीच मुळं वीस वर्षांनी बुंध्याला फास देतात आणि वरून धडधाकट दिसणारं झाड वाऱ्यात पडतं. बुंधा मातीत पुरू नका, मुळांचा वरचा भाग जमिनीच्या पातळीलाच हवा. आधाराची काठी वर्षभरानं काढा, थोडं हललेलं झाडच घट्ट धरतं.

पाणी द्याल ते घराच्या विरुद्ध अंगाला आणि दरवर्षी एक-दीड फूट बाहेर सरकवत. मुळं ओलीमागे वाढतात, ती तुम्हाला जिकडे हवी तिकडे वळवता येतात. घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेर उताराची काँक्रीटची पट्टी नसेल तर ती आधी करून घ्या. गच्चीचं पाणी पाइपानं लांब सोडा आणि जोत्याला लागून कारंजी, लॉन, ठिबक काहीही ठेवू नका. काळ्या मातीतली कित्येक घरं झाडानं नाही, जोत्याशी रोज घातलेल्या पाण्यानं तडकतात.

आणि गच्चीवर जाऊन वर्षातून दोनदा कठड्याच्या सांध्यात, पाण्याच्या टाकीमागे, पाइपाच्या कडेला बघत जा. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं पिंपळाचं किंवा उंबराचं चार पानांचं रोप दिसलं तर त्याच दिवशी मुळासकट काढा. घराला सगळ्यात जास्त इजा करणारी झाडं मी पाहिली ती कुणी लावलेली नव्हती.

आईंच्या प्राजक्ताला माझी मनापासून संमती. पूर्वेला, दाराच्या एका बाजूला, भिंतीपासून आठ फुटांवर लावा. सकाळी सडा पडेल तिथे ब्लॉक किंवा फरशी घालू नका, मातीच ठेवा, म्हणजे फुलं वेचायला स्वच्छ राहतील आणि मुळांना श्वासही मिळेल.

लावायला घाई नाही. मृगानंतर पाऊस नीट लागला, दोन फूट खोल ओल गेली की लावा. तोवर चुना घ्या आणि एक दोरी. बहाव्याच्या जागी खुंटी ठोकून बारा फूट त्रिज्येचं वर्तुळ आखा, सोनचाफ्याच्या जागी सहा फुटांचं. आठ दिवस ती वर्तुळं अंगणात राहू द्या, घरातल्यांना त्यातून चालू-फिरू द्या, गाडी वळवून बघा. पायाच्या कामाचे फोटो किंवा नकाशा असेल तर फूटिंगची खोली मला कळवा. ते खरोखर मुरमावर टेकलेलं निघालं, तर बहावा तीन-चार फूट घराकडे सरकवू आणि कंपाउंडच्या बाजूला त्याला आणखी हात पसरायला जागा देऊ.